कढणाचे मडके आणि तत्त्वज्ञाची परीक्षा

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाची ओळख बहुतेक वाचकांना पाठ्यपुस्तकातून होते आणि तिथे त्याचे रूप असते ते मतांच्या नामावळीचे: थेलीस पाण्याला विश्वाचे मूलद्रव्य मानतो, हेराक्लायटस अखंड बदल सांगतो, प्लेटो दृश्य वस्तूंपलीकडच्या शाश्वत रूपांचे प्रतिपादन करतो, स्टोइक संयम शिकवतात आणि एपिक्युरस सुखवादी ठरतो. ही नामावळी चुकीची नाही. परंतु मूळ ग्रंथ हाती घेतले की त्यांत गाढवे, जोडे, सांडलेले तेल, मसुराचे कढण, सार्वजनिक स्नानगृहातली ढकलाढकली आणि चोरीला गेलेला दिवा यांची जी गर्दी दिसते, तिचा पत्ता या नामावळीत कुठेच लागत नाही. ही गर्दी केवळ समजावून सांगण्याची सोय म्हणून जमवलेली नाही. चांगले जगणे म्हणजे काय, हे आपल्याला उमगले आहे असे जो म्हणतो, त्याचे ते उमगणे त्याच्या ताटात, त्याच्या पांघरुणात आणि शेजाऱ्याशी होणाऱ्या त्याच्या बोलण्यात दिसलेच पाहिजे, अशी त्या काळच्या ग्रीकांची अपेक्षा होती. म्हणूनच रोजचे किरकोळ व्यवहार ही तिथे तत्त्वज्ञानाची परीक्षा घेण्याची जागा ठरली.

प्येर आदो (१९२२–२०१०) या फ्रेंच अभ्यासकाने हा मुद्दा विसाव्या शतकात आग्रहाने मांडला. त्याच्या मते प्राचीन काळी तत्त्वज्ञान ही मुख्यतः जगण्याची एक रीत होती, आणि सिद्धान्त हे त्या रीतीचे समर्थन व तिच्या सरावाचे साधन होते. या रीतीच्या ज्या गोष्टी आज सांगितल्या जातात त्यांपैकी पुष्कळशा डायोजेनीस लेअर्टियस या चरित्रकाराच्या दहा खंडांच्या ग्रंथातून आलेल्या आहेत, आणि तो बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, म्हणजे सॉक्रेटिसनंतर सहाशे वर्षांनी लिहीत होता. त्यामुळे यातील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असे मानण्याचे कारण नाही. मात्र लोकांनी तत्त्वज्ञाबद्दल कोणत्या गोष्टी जपून ठेवल्या आणि कोणत्या कसोटीवर त्याला घासून पाहिले, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल घटनेच्या खरेखोटेपणावर अवलंबून राहत नाही.

हेराक्लायटस हा आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील एफेसस नगरातला विचारवंत इ.स.पू. ५०० च्या सुमारास होऊन गेला. त्याला भेटायला आलेले पाहुणे तो चुलीजवळ शेकत बसलेला पाहून दारातच थबकले, तेव्हा त्याने त्यांना निःसंकोच आत बोलावले आणि देवता इथेही आहेत असे सांगितले, ही हकीकत ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे. तिचा संदर्भ लक्षात घेण्याजोगा आहे. ॲरिस्टॉटल तिथे प्राणिशास्त्राविषयी लिहीत असून, क्षुद्र आणि किळसवाण्या वाटणाऱ्या जिवांचा अभ्यास टाळू नये, कारण त्यांच्या रचनेतही सौंदर्य आणि हेतू आढळतो, हे पटवण्यासाठी त्याला स्वयंपाकघरातला हा हेराक्लायटस आठवतो. अशा रीतीने चुलीजवळच्या त्या एका वाक्यातून निरीक्षणाधिष्ठित विज्ञानाला परवाना मिळतो.

त्याच हेराक्लायटसचे नदीविषयीचे वचन इतके प्रसिद्ध झाले की त्याने वापरलेली दुसरी एक प्रतिमा मागे पडली, आणि ती खरे तर अधिक नेमकी आहे. ग्रीकांच्या घरोघरी किकिऑन नावाचे पेय होत असे. जवाचे पीठ पाण्यात किंवा मद्यात कालवून, त्यात कधी किसलेले चीज तर कधी पुदिन्याच्या जातीची एखादी वनस्पती घालून ते तयार करीत. हे पेय ढवळत राहिले नाही तर त्याचे घटक वेगळे होतात, असे हेराक्लायटसचे एक वचन शिल्लक आहे. न ढवळता ठेवलेल्या ताकाची निवळ जशी वर येते तसेच हे. पण त्यातून निघणारा विचार साधा नाही. एखादी वस्तू टिकून राहते ती स्थिर असल्यामुळे, अशी सर्वसाधारण समजूत असते, तर किकिऑनच्या बाबतीत हालचाल हीच त्याच्या टिकण्याची अट आहे आणि ती थांबताच पेय पेय राहत नाही. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने सांगितलेल्या एका कथेत नागरिक हेराक्लायटसला नगरातील ऐक्याविषयी बोलण्याची विनंती करतात, तेव्हा तो व्यासपीठावर चढून थंड पाण्याच्या पेल्यात जवाचे पीठ टाकतो, ते ढवळतो, पितो आणि एकही शब्द न बोलता निघून जातो. प्लूटार्क यातून अल्पसंतुष्टतेचा बोध काढतो. परंतु किकिऑनवरचे मूळ वचन शेजारी ठेवून पाहिले तर नगराचे ऐक्यही सतत घुसळत ठेवावे लागते, हा अर्थ त्या मूक कृतीत अधिक चपखल बसतो.

थेलीसविषयीच्या दोन कथा सर्वश्रुत आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध साक्ष देतात. प्लेटोच्या एका संवादात तो तारे पाहता पाहता विहिरीत पडतो आणि थ्रेस प्रांतातील एक चतुर दासी त्याला हसते. ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात मात्र तो ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ऑलिव्हचे पीक भरघोस येणार हे ओळखून, मायलेटस आणि किऑस इथले तेलाचे घाणे हिवाळ्यातच स्वस्तात आगाऊ भाड्याने घेऊन ठेवतो आणि हंगामात मनाजोग्या दराने देतो. ॲरिस्टॉटलला यात मक्तेदारीचे तत्त्व दिसले. सामान्य लोकांना तत्त्वज्ञाकडून दोन्ही हवे होते असे या जोडीवरून दिसते: तो व्यवहारात भोळा असावा आणि मनात आणले तर त्याने व्यापाऱ्यालाही मागे टाकावे.

सॉक्रेटिसच्या (इ.स.पू. सुमारे ४७०–३९९) बाबतीत रोजचे जग हे उदाहरणापुरते राहत नाही, ते पद्धतीतच शिरते. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादात अल्सिबायडीस हा सॉक्रेटिसचा चाहता असलेला अथेन्सचा राजकारणी तक्रारवजा कौतुकाने सांगतो की हा माणूस सदैव ओझ्याची गाढवे, लोहार, जोडे करणारे आणि कातडी कमावणारे यांच्याविषयीच बोलत असतो, त्यामुळे अनभिज्ञ श्रोत्याला त्याचे बोलणे हास्यास्पद वाटते. या बोलण्यामागची युक्ती अशी: जोडे करणाऱ्याला जोडा कशासाठी असतो हे ठाऊक असते, त्याचे काम चांगले की वाईट हे ठरवण्याचे निकष उघड असतात, आणि त्याला शिकवणारा गुरूही दाखवता येतो, मग न्याय, धैर्य किंवा धर्मनिष्ठा यांविषयी ठामपणे बोलणाऱ्या राजकारण्याला असेच प्रश्न विचारले तर त्याची उत्तरे कुठवर टिकतात? प्रतिपक्षाच्याच कबुलीजबाबांतून त्याच्या मतातील विसंगती उघड करण्याच्या या प्रश्नोत्तरपद्धतीला ‘एलेंखस’ म्हणतात. कारागिराचे ज्ञान हे तिचे मापच असल्यामुळे सॉक्रेटिसच्या युक्तिवादातून जोडे आणि गाढवे काढून टाकली तर युक्तिवादच कोसळतो.

हे संवाद चालत ती जागाही काही अंशी उजेडात आली आहे. अगोरा म्हणजे अथेन्समधील बाजार, न्यायालये, देवळे आणि सरकारी कचेऱ्या यांनी वेढलेला मध्यवर्ती चौक. तिथे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ १९३१ पासून उत्खनन करीत आले आहेत. चौकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अगोराची हद्द दाखवणाऱ्या कोरीव दगडाला लागूनच, इ.स.पू. पाचव्या शतकातील एका लहानशा घराचे अवशेष निघाले, आणि त्याच्या अंगणात जोड्यांच्या तळाला मारण्याचे लोखंडी खिळे, हाडाची लहान कडी आणि ‘सिमोनचा’ अशी अक्षरे कोरलेला एका पेल्याचा तळ सापडला. डायोजेनीस लेअर्टियस सांगतो की सिमोन नावाचा जोडे करणारा अथेन्समध्ये राहत असे, सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बोलत बसला की जेवढे आठवेल तेवढे तो टिपून ठेवी, आणि त्याच्या नावावर ३३ संवाद होते, ज्यांना ‘चामड्याचे संवाद’ असे म्हणत. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने आश्रय देऊ केला तेव्हा आपले मोकळे बोलणे विकायचे नाही, असे सांगून त्याने तो नाकारल्याचीही कथा आहे. पेल्यावरचा सिमोन तो हाच, असे निर्विवाद सिद्ध करता येत नाही. तरी जागा, काळ, धंदा आणि नाव ही चारही एकत्र जुळावीत हे विलक्षण आहे. सॉक्रेटिसच्या सहवासात राहिलेल्या झेनोफनने लिहिलेल्या आठवणींमध्येही अगोरात प्रवेश करण्याच्या वयाचा न झालेला एक तरुण जवळच्या लगाम-खोगिराच्या दुकानात बसत असल्याचे आणि सॉक्रेटिस त्याला गाठायला तिथे जात असल्याचे वर्णन आहे. पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा बराचसा पाया चामड्याच्या वासात रचला गेला, हे विधान यावरून अक्षरशः खरे मानायला हरकत नाही.

ॲरिस्टॉटलकडे (इ.स.पू. ३८४–३२२) येताच बोलण्याचा सूर बदलतो, पण विषय तोच राहतो. त्याच्या ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’त धैर्य आणि औदार्य यांच्या बरोबरीने चारचौघांत हसतखेळत कसे बोलावे, याही गोष्टीला सद्गुणाचे स्थान मिळाले आहे, कारण विश्रांती आणि करमणूक हे जीवनाचे आवश्यक घटक आहेत असे तो मानतो. कोणत्याही किमतीवर हशा मिळवू पाहणारा आणि समोरच्याला बोचते आहे याची पर्वा न करणारा विदूषक हे एक टोक, स्वतः विनोद न करणारा आणि दुसऱ्याच्या विनोदाने रुसणारा घुम्या हे दुसरे टोक, आणि या दोहोंमध्ये प्रसंग ओळखून नेमके बोलणारा माणूस. हा मध्य गणिती नव्हे, हे सांगताना तो पैलवानाच्या आहाराचा दाखला देतो: दहा मापे जास्त आणि दोन कमी म्हणून सर्वांना सहा मापे द्यायची असे प्रशिक्षक करीत नाही, कारण मायलो या नामांकित मल्लाला सहा मापे अपुरी आणि नवशिक्याला ती अति होतील. योग्य तेवढे ओळखण्याच्या या व्यवहारी शहाणपणाला त्याने ‘फ्रोनेसिस’ म्हटले आहे. विनोदाची गणना नीतिशास्त्रात करणारा हा विचार त्याच्या कारणमीमांसेइतका किंवा तर्कशास्त्राइतका चर्चिला जात नाही, ही खेदाची बाब आहे.

संपत्ती आणि लोकरूढी झुगारून कमीत कमी गरजांवर जगू पाहणाऱ्या सिनिक पंथाने मात्र मध्य वगैरे नाकारून सरळ टोक गाठले. काळ्या समुद्रावरील सिनोपी गावचा डायोजेनीस अथेन्सच्या अगोरात एका प्रचंड रांजणात राहू लागला, ओंजळीने पाणी पिणारे मूल पाहून त्याने आपला पेला फेकून दिला, आणि प्लेटोने मनुष्याची व्याख्या ‘पिसे नसलेला द्विपाद प्राणी’ अशी केल्याचे कळताच पिसे काढलेला कोंबडा प्लेटोच्या पाठशाळेत नेऊन सोडला, तेव्हा त्या व्याख्येला ‘रुंद नखांचा’ ही पुस्ती जोडावी लागली. या कथा इतक्या सांगितल्या गेल्या आहेत की त्यांवर थांबण्याची गरज नाही. त्याच्या परंपरेतला थीब्झचा क्रेटीस हा कमी प्रसिद्ध परंतु अधिक लोभस माणूस आहे. आपली सारी संपत्ती सोडून दिलेल्या या क्रेटीसशी हिपार्किया या सधन घरच्या मुलीने हट्टाने लग्न केले, ती त्याच्यासारखेच साधे वस्त्र लेवून त्याच्याबरोबर मेजवान्यांना जाऊ लागली, आणि मागावर घालवायचा वेळ आपण शिक्षणात घालवला यात काय वाईट केले, असे तिने थिओडोरस नावाच्या तत्त्वज्ञाला भर मेजवानीत विचारले.

याच क्रेटीसकडे सायप्रस बेटावरील सिटियम गावचा झेनो आला. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेले त्याचे जहाज अथेन्सच्या बंदराजवळ फुटले, तो नगरात येऊन एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी बसला, तिथे झेनोफनने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणी वाचल्या जात होत्या, आणि अशी माणसे कुठे भेटतील असे त्याने विचारताच विक्रेत्याने रस्त्यावरून चाललेल्या क्रेटीसकडे बोट दाखवले. झेनो अत्यंत लाजाळू होता. चारचौघांत हसे होण्याचे हे भय घालवण्यासाठी क्रेटीसने त्याच्या हाती मसुराच्या कढणाचे मडके देऊन ते केरामाइकोस या कुंभारांच्या गजबजलेल्या वस्तीतून न्यायला सांगितले; तो मडके पांघरुणाखाली लपवू लागला तेव्हा क्रेटीसने काठीच्या फटक्याने ते फोडले, आणि पायांवरून ओघळणाऱ्या कढणासह झेनो पळत सुटला असता, तुझे काही भयंकर बिघडलेले नाही, असे त्याला मागून ओरडून सांगितले. पुढे इ.स.पू. ३०० च्या सुमारास झेनो ज्या चित्रांकित स्तंभदालनात शिकवू लागला त्याला ‘स्टोआ’ म्हणत, आणि त्यावरूनच त्याचा पंथ स्टोइक म्हणून ओळखला गेला. सद्गुण हेच एकमेव खरे हित आणि दुर्गुण हेच एकमेव खरे अहित असून मान, अपमान, पैसा व प्रकृती या गोष्टी त्या अर्थाने तटस्थ आहेत, हा या पंथाचा कणा होय. हे तत्त्व झेनोने पुढे किती बारकाईने मांडले असले तरी त्याचा पहिला धडा त्याने कढणाने माखलेल्या पायांनी गिरवला होता.

त्याचा शिष्य क्लिएन्थीस रात्री बागांना पाणी घालून आणि पीठ दळून पोट भरीत असे, आणि पपायरस विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे गुरूची व्याख्याने शिंपल्यांवर व बैलांच्या खांद्याच्या हाडांवर लिहून घेई. दिवसभर तत्त्वचर्चा करणारा हा धट्टाकट्टा माणूस खातो काय, अशा संशयाने त्याला न्यायालयात बोलावले गेले, तेव्हा ज्याच्या बागेत तो पाणी घाली तो माळी आणि जिचे पीठ तो दळी ती विक्रेती यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. तत्त्वज्ञाच्या बचावासाठी यापेक्षा उत्तम साक्षीदार कल्पिणे कठीण आहे.

स्टोइक शिकवणीची सर्वांत घरगुती मांडणी एपिक्टेटसने केली. जन्माने गुलाम असलेला हा विचारवंत पुढे मुक्त झाला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकलल्यावर पश्चिम ग्रीसमधील निकोपोलिस इथे त्याने पाठशाळा चालवली. जे आपल्या हाती आहे, म्हणजे आपले निर्णय आणि इच्छा, ते आणि जे हाती नाही, म्हणजे शरीर, मालमत्ता, लौकिक, ते यांत भेद करणे हे त्याचे पहिले सूत्र. आणि त्याचा सराव कुठे करावा, तर स्नानगृहात. तिथे जाण्यापूर्वी कोणी पाणी उडवील, कोणी धक्का देईल, कोणी शिव्या घालील, कोणी कपडे चोरील, हे सारे मनात आणावे, आणि आपल्याला स्नान तर करायचेच आहे, पण मनाचा तोलही राखायचा आहे, असे स्वतःला सांगून मग निघावे. थोडे तेल सांडले किंवा थोडे मद्य चोरीला गेले तर शांतीची ही किंमत आहे असे समजावे. स्वतः एपिक्टेटसच्या देवघरापाशी असलेला लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा त्याने मातीचा आणून ठेवला. त्याच्या मृत्यूनंतर तोच मातीचा दिवा एका भक्ताने ३,००० ड्राक्मांना विकत घेतला आणि त्याच्या उजेडात वाचले की ते शहाणपण आपल्यात उतरेल अशी आशा धरली, असे लूशियन हा लेखक सांगतो.

किरकोळ वस्तूंपासून सरावाची सुरुवात करावी, हा या पद्धतीचा खरा शहाणपणा आहे. परंतु तिची मर्यादाही इथेच दिसते. आवडते मडके फुटले तर ते मडकेच होते हे आठवावे, असे सांगून एपिक्टेटस त्याच दमात मूल किंवा पत्नी दगावली तर ती मर्त्य माणसे होती हे आठवावे असे म्हणतो, आणि ही चढण वाचकाने मुकाट्याने चढावी अशी अपेक्षा धरता येत नाही. मडक्याविषयी सांगितलेले खरे असले तरी मुलाविषयी तेच सांगताना माणसाच्या प्रेमाचे स्वरूपच दृष्टीआड होते. दुसरी एक गोष्टही नजरेआड करू नये. ज्या घरांच्या, बाजारांच्या आणि मेजवान्यांच्या पार्श्वभूमीवर हे तत्त्वज्ञान घडले, तिथले पीठ दळणारे, पाणी भरणारे आणि दिवे लावणारे हात पुष्कळदा गुलामांचे आणि स्त्रियांचे होते, आणि ॲरिस्टॉटलने तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे प्रतिपादन केले. विहिरीत पडलेल्या थेलीसला हसणारी ती दासी म्हणूनच महत्त्वाची वाटते. तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, तरी तिचे हसणे प्लेटोला वगळता आले नाही.

एपिक्युरसने (इ.स.पू. ३४१–२७०) अथेन्सच्या वेशीबाहेर घेतलेल्या बागेत स्त्रिया आणि गुलाम यांनाही शिष्य म्हणून प्रवेश होता, आणि मायस या गुलामासह आणखी काहींना त्याने मृत्युपत्रातून मुक्त केले. सुखवादी म्हणून त्याची जी प्रतिमा रूढ झाली तिच्याशी त्याच्या जेवणाचा मेळ बसत नाही. तो पाणी आणि साधी भाकरी यांवर समाधानी असे, आणि एका पत्रात त्याने मित्राला चीजचे एक लहान भांडे पाठवायला सांगितले ते कधी चैन करावीशी वाटली तर असावे म्हणून. इच्छांचे त्याने तीन वर्ग पाडले: भुकेला अन्न ही नैसर्गिक व आवश्यक, पक्वान्न ही नैसर्गिक पण अनावश्यक, आणि कीर्ती किंवा पुतळा ही ना नैसर्गिक ना आवश्यक. पहिल्या वर्गातील इच्छा अल्प मोलात भागतात, तर तिसऱ्या वर्गातील इच्छांना अंतच नसतो. त्यामुळे निश्चिंत मन, ज्याला त्याने ‘अताराक्सिया’ म्हटले, ते मिळवण्याचा मार्ग उपासातून न जाता चिजाच्या त्या लहान भांड्यावरून जातो, कारण ज्याला रोज भाकरी पुरते त्यालाच चिजात मेजवानी सापडते.

दर महिन्याच्या विसाव्या दिवशी मित्रांनी एकत्र जमावे, अशी तरतूदही त्या मृत्युपत्रात होती आणि ती प्रथा दोन शतकांनंतर इटलीतही चालू होती. गदाराचा फिलोडीमस हा एपिक्युरसपंथी कवी आपल्या पीसो या श्रीमंत रोमन आश्रयदात्याला एका लहान कवितेत आपल्या साध्या झोपडीवर ‘विसाव्या’च्या जेवणाचे आमंत्रण देतो आणि तिथे भारी मांस व किऑसचे मद्य मिळणार नाही, मित्र मात्र खरे भेटतील असे कळवतो. बहुधा याच पीसोच्या घराण्याचा मोठा वाडा इ.स. ७९ मध्ये व्हिसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम नगरासह गाडला गेला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास तिथल्या ग्रंथसंग्रहातील शेकडो पपायरस गुंडाळ्या कोळशासारख्या जळालेल्या अवस्थेत निघाल्या. त्या उलगडू गेल्यास चुरा होतो. अलीकडे क्ष-किरणांनी गुंडाळीच्या आतले थर टिपून आणि संगणकाला शाईचे ठसे ओळखायला शिकवून त्या न उघडता वाचण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तीन तरुणांच्या चमूने अशा एका गुंडाळीतील पंधरा स्तंभांचा मजकूर वाचून दाखवला. तो भाग गुंडाळीच्या सुमारे ५ टक्के आहे आणि त्याचा लेखक बहुधा फिलोडीमसच आहे. त्यात संगीताचा आणि केपर या खारवून खाण्याच्या कळ्यांचा उल्लेख येतो, आणि चर्चा चालली आहे ती अशी की, एखादा खाद्यपदार्थ दुर्मीळ असला म्हणजे तो मुबलक मिळणाऱ्या पदार्थापेक्षा अधिक सुख देतो, असे लगेच मानावे काय.